चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू : गावतलावातलं 'हळदीकुंकू बदक' ओळखायचं कसं?

यवतमाळहून अमरावतीकडे निघालं की वाटेत नेर लागतं. जुनी माणसं अजूनही 'नेर परसोपंत' म्हणतात. तालुका कापसाचा, सोयाबीनचा, तुरीचा. पर्यटकांच्या नकाशावर असेल असा मोठा पाणपक्ष्यांचा तलाव इथे नाही. आहेत ते गावतलाव, पाझर तलाव, सिंचनाचे छोटे प्रकल्प आणि गेल्या काही वर्षांत झालेली शेततळी. रानबदकं बघायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. काठावर थोडं गवत, मध्ये थोडं उघडं पाणी आणि माणसांची फार वर्दळ नसेल, तर अशा तलावावर एक बदक पावसाळा, हिवाळा आणि पाणी टिकलं तर उन्हाळाही काढतं.

त्याचं नाव हळदीकुंकू बदक.

गंमत म्हणजे 'बदक' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हे बदक येतच नाही. येतं ते हिरव्या चकचकीत डोक्याचं, गळ्यात पांढरी कडी घातलेलं बदक. चित्रांच्या पुस्तकात तेच, मोबाईलवर 'रानबदक' शोधलं तरी पहिल्यांदा तेच. ते आहे मॅलार्ड. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेत ते सर्रास दिसतं, महाराष्ट्रात मात्र हिवाळ्यात क्वचितच. आपल्या तलावावरचं रोजचं रानबदक वेगळं आहे आणि त्याच्या डोक्यावर हिरवा रंग औषधालाही नाही.

नाव पडलं कसं?

या बदकाची चोच काळी असते. टोकाला ठसठशीत पिवळा रंग आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना एकेक लालभडक ठिपका. एका टोकाला हळद, दुसऱ्या टोकाला कुंकू. संक्रांतीचं हळदीकुंकू ज्या घरात होतं, तिथल्या माणसाला यापेक्षा सोपं नाव सुचणं कठीण. मराठीत 'धनवर' असंही एक नाव आहे. हिंदीत याला 'गुगरल' म्हणतात.

शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यांचं लक्षही चोचीवरच गेलं. 'अनस पोइसिलोरिंका' हे नाव जोहान राइनहोल्ड फॉर्स्टर या निसर्गअभ्यासकाने १७८१ मध्ये दिलं. 'अनस' म्हणजे लॅटिनमध्ये बदक आणि पुढच्या ग्रीक शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी चोचीचं. इंग्रजीतलं 'स्पॉट-बिल्ड डक' म्हणजेही ठिपकेवाल्या चोचीचं बदक. तिन्ही भाषांनी नेमकी एकच गोष्ट टिपली, पण त्यातलं मराठी नाव जास्त उपयोगाचं आहे, कारण कोणता रंग कुठे ते त्यातून आठवतं.

पूर्व आशियात, म्हणजे चीन, जपान, कोरियाकडे, याचं जवळचं नातलग बदक आहे. त्याच्या चोचीचं टोक पिवळं, पण मुळाशी लाल ठिपका नाही. पूर्वी दोन्ही एकाच जातीची मानली जायची, आता ती वेगळी धरली जातात. तिकडच्या बदकाकडे हळद आहे, कुंकू नाही.

ओळखायच्या खुणा

आकाराने हे बदक मोठं आहे. लांबी साधारण ५५ ते ६३ सेंटीमीटर, वजन पाऊण किलोच्या पुढे, मोठा नर दीड किलोपर्यंत. पाळीव बदक पाहिलेलं असेल तर साधारण त्याच मापाचं, पण अंगाने जरा सुटसुटीत.

दुर्बीण असेल तर काम सोपं आहे. चोच बघायची आणि विषय संपला. अडचण येते ती नुसत्या डोळ्यांनी बघताना. तलावाच्या पलीकडच्या काठाला बदकं असतात, ऊन समोरून येत असतं, चोचीचा रंग दिसत नाही. अशा वेळी चोच सोडून पाठीकडे बघावं. पाण्यावर तरंगणाऱ्या हळदीकुंकू बदकाच्या अंगावर, शेपटीच्या अलीकडे, एक पांढरा पट्टा चमकतो. घडी घातलेल्या पंखाच्या आतल्या पिसांचा हा पांढरा रंग आहे. गडद अंगावर तो दुरूनही लख्ख दिसतो.

दुसरी खूण रंगांच्या उतरंडीची. डोकं आणि मान फिकट राखाडी, छातीपासून रंग गडद होत जातो आणि मागचा भाग जवळजवळ काळपट. अंगावरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असल्यामुळे जवळून पाहिलं तर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. डोळ्यातून जाणारी एक काळी रेघ आणि डोक्यावर गडद टोपी. पाय नारिंगी-लाल, पण ते बदक काठावर चढल्याशिवाय दिसत नाहीत.

उडालं की पंखावर हिरवा, धातूसारखा चमकणारा चौकोन दिसतो. त्याला काळी आणि पांढरी किनार असते. पंखांची खालची बाजू बरीचशी पांढरी.

नर-मादीत फारसा फरक नाही, आणि इथेच अनेक जण गोंधळतात. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच बदकांमध्ये नर रंगीत आणि मादी मातकट असते. इथे दोघांचं रूप जवळपास सारखं. मादी थोडी लहान आणि फिकी, तिच्या चोचीवरचा लाल ठिपका बारीक किंवा जवळजवळ नसलेला. पहिल्या वर्षातल्या पिल्लांनाही तो ठिपका नसतो. त्यामुळे कुंकू दिसलं नाही म्हणून बदक दुसरं आहे असा निष्कर्ष काढू नये. पिवळं टोक आणि पाठीवरचा पांढरा पट्टा या दोन गोष्टी जुळल्या तर ते हळदीकुंकूच.

आवाजाने नर-मादी ओळखता येतात. मोठ्याने 'क्वॅक-क्वॅक' करणारी मादी. नराचा आवाज बसलेला, घोगरा आणि हळू.

तलावावर सोबतीला कोण कोण असतं?

बदकासारखा दिसणारा प्रत्येक पक्षी बदक नसतो. नेरसारख्या भागातल्या तलावांवर सगळ्यात जास्त फसवणूक करते ती टिबुकली, म्हणजे पाणडुबी. मुठीएवढा तपकिरी पक्षी, बघता बघता बुडी मारतो आणि भलत्याच ठिकाणी वर येतो. ते बदक नाही. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षीही बदक नाही. तो पाणकोंबडीच्या कुळातला. पाण्यातून उडताना तो लांबवर धावत जातो, पाय आपटत, पाणी उडवत.

हळदीकुंकू बदकाला धावायची गरज पडत नाही. ते पाण्यातून थेट वर उसळी घेतं. नुसत्या या सवयीवरूनही काठावर उभ्या माणसाला बरंच कळतं.

खऱ्या बदकांमध्ये अडईशी गल्लत होऊ शकते. अडई लहान, तांबूस-तपकिरी, लांब मानेची. उडताना सतत शीळ घालते, झाडावर बसते आणि झाडाच्या ढोलीत अंडीही घालते. नकट्याच्या नराच्या चोचीवर उंचवटा असतो आणि अंग काळं-पांढरं, त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. काणूक हे तर आपल्याकडचं सगळ्यात चिमुकलं बदक, नर बराचसा पांढरा.

हिवाळ्यात पाहुणे येतात. तलवारीसारखी शेपटी असलेलं तलवार बदक, पसरट पळीसारख्या चोचीचा थापट्या, केशरी रंगाचा चक्रवाक. मध्य आशिया, सैबेरिया, तिबेट, लडाख अशा लांबच्या ठिकाणांहून हे पक्षी महाराष्ट्रात उतरतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला त्यांचे मोठे थवे जमतात. राज्यातल्या या जागेला २०२० मध्ये सगळ्यात आधी 'रामसर' पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पाहुण्यांच्या बातम्या होतात, फोटो छापून येतात. बारा महिने इथेच राहणाऱ्या हळदीकुंकू बदकाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

खातं काय, राहतं कसं?

बदकांचे ढोबळ दोन प्रकार करता येतात. एक बुडी मारून तळाशी जाणारी, दुसरी उथळ पाण्यात डोकं घालून शेपूट वर करणारी. हळदीकुंकू बदक दुसऱ्या प्रकारातलं. मान जिथवर पोहोचते तिथवरच त्याचं ताट. म्हणून तलाव कितीही मोठा आणि खोल असला तरी या बदकाच्या उपयोगाची असते ती त्याची कड, फूट-दीड फूट पाण्याची. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे लागणार आहे.

आहार मुख्यतः शाकाहारी. पाणवनस्पतींचे कोंब, गवताचं बी, पाण्यात पडलेले दाणे. सोबत गोगलगायी, किडे, अळ्या. चोचीच्या आतल्या कडेला बारीक कंगव्यासारखी रचना असते. चिखलपाणी तोंडात घ्यायचं, पाणी बाहेर सोडायचं आणि खाणं आत ठेवायचं, अशी ही चाळणी काम करते.

दिवसा ही बदकं बऱ्याचदा काठाच्या गवतात किंवा पाण्याच्या मधोमध सुस्तावलेली दिसतात. एका पायावर उभं राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. खरी हालचाल सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ती संध्याकाळी बांधीत उतरतात आणि तिथे शेतकऱ्याची त्यांच्यावर नाराजी असू शकते. नेरकडे धान नाही. कापसात आणि तुरीत बदकाला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे इथे त्याचं आणि शेतकऱ्याचं भांडण नाही.

हळदीकुंकू बदकं मोठ्या थव्याने कमी दिसतात. जोडी, नाहीतर सात-आठ जणांची टोळी. हिवाळ्यात एखाद्या मोठ्या पाण्यावर जास्त संख्येने जमतात इतकंच.

अंडी जमिनीवर, तीही पावसाळ्यात

या बदकाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ पावसाळ्याचा. उत्तर आणि मध्य भारतात ते साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये घरटं करतं, दक्षिणेत त्यानंतर. पाऊस लांबला की घरटंही लांबतं.

अडई आणि नकट्यासारखं हे झाडावर जात नाही. घरटं सरळ जमिनीवर, पाण्याच्या जवळ, दाट गवतात नाहीतर झुडपाखाली. विदर्भात तलावाच्या काठाला बेशरमाची झुडपं माजलेली असतात. गवत आणि पाणवनस्पती यांची गादी, त्यावर मादी स्वतःच्या अंगाची मऊ पिसं अंथरते. ती घरट्यातून उठताना अंडी याच पिसांनी झाकू शकते.

अंडी साधारण ७ ते ९, कधी १२ पर्यंतही. रोज एक या हिशोबाने घालते, पण उबवायला बसते ती बहुतेक सगळी अंडी घालून झाल्यावर. त्यामुळे पहिलं अंडं आठवडाभर आधीचं असलं तरी सगळी पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. उबवण्याचे दिवस २४च्या आसपास, आणि ते काम एकटी मादी करते.

आता हा हिशोब नेरच्या कॅलेंडरवर मांडून बघू. जुलैच्या शेवटी पहिलं अंडं पडलं, तर पिल्लं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला फुटतात. मधला हा पूर्ण महिना घरटं जागचं हलवता येत नाही. याच महिन्यात मोठा पाऊस झाला तर तलावाची पातळी चढते आणि काठाचं घरटं पाण्याखाली जातं. याच महिन्यात काठाचं हिरवं गवत कापलं जातं. पोळा येतो, बैल धुवायला तलावावर नेले जातात. गावातली कुत्री तर बारमाही. कोल्हा, मुंगूस, घोरपड, कावळा यांनाही अंडी आवडतातच. घरटं फसलं तर मादी पुन्हा अंडी घालायचा प्रयत्न करू शकते, पण मग पिल्लं मोठी होईपर्यंत लहान तलावाचं पाणी ओसरायला लागलेलं असतं.

पिल्लं जन्मतःच डोळे उघडी, अंगावर काळपट-पिवळी लव असलेली. एखाद्या दिवसातच आईमागे पाण्यात. त्यांना भरवावं लागत नाही, ती स्वतः टिपून खातात. सुरुवातीला त्यांचा भर किड्यांवर असतो, कारण वाढीला प्रथिनं लागतात. उडायला मात्र दीड-दोन महिने. तोवर धोका आला की लपायला गवत आणि पाणकणीस हवंच.

धोका जवळ आल्यावर बदकांच्या माद्या एक नाटक करतात. पंख मोडल्यासारखं फडफडत, पाण्यावर आपटत त्या पिल्लांपासून दूर जातात. शिकारी त्यांच्यामागे लागतो, पिल्लं गवतात विरतात आणि पुरेसं अंतर पडलं की 'जखमी' आई आरामात उडून जाते. काठावर असं तडफडणारं बदक दिसलं तर मदतीला धावण्याआधी दोन पावलं मागे सरकून थोडा वेळ थांबावं. बऱ्याचदा आपणच तो शिकारी असतो.

मोठ्या बदकांचाही वर्षातून एकदा न उडण्याचा काळ येतो. विणीनंतर पिसं गळतात तेव्हा पंखांतली उडण्याची पिसं एकदमच झडतात. नवी येईपर्यंत काही आठवडे बदक जमिनीला आणि पाण्याला बांधलेलं असतं. तेव्हा ते सहज हाती लागतं, आणि हे माहीत असलेली माणसंही असतात.

तलाव सुधारतो, बदकाची कड जाते

उथळ कडेचा मुद्दा इथे येतो. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. यवतमाळसारख्या जिल्ह्याला पाणी साठवण्याची गरज किती आहे हे वेगळं सांगायला नको, आणि गाळाने शेताचा पोत सुधारतो हेही खरं. पण पोकलेन चारही बाजूंनी कड उभी कापत गेलं तर तलाव टाकीसारखा होतो. पाणी वाढतं, पण फूट-दीड फुटाची पट्टी उरत नाही. बदकाला खायला जागा नाही, घरट्याला गवत नाही, पिल्लांना लपायला आडोसा नाही. एखादी बाजू उताराची आणि झाडोऱ्यासकट सोडली तर साठ्यात फार फरक पडत नाही. ज्या गावात गाळ काढण्याचं काम ठरतंय तिथे ही सूचना ग्रामसभेत मांडता येते. खर्च शून्य.

शेततळ्यांचंही तसंच. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आल्यानंतर त्यांची संख्या वाढली. वरून बघणाऱ्या बदकाला ते पाणीच दिसतं. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याला ना चिखल, ना गवत. घसरड्या उभ्या कडेवरून उडता न येणाऱ्या पिल्लाला बाहेरही पडता येत नाही. एका कोपऱ्यात दोरीची जाळी किंवा लाकडी फळी तिरकी सोडली तर पिल्लालाच नाही, पाणी प्यायला आलेल्या इतर लहान प्राण्यांनाही वर यायला वाट मिळते.

एप्रिल-मेमध्ये छोटे तलाव आटले की ही बदकं निघून जातात. हजारो किलोमीटरचं स्थलांतर नव्हे, पाण्याच्या मागे मागे केलेली जिल्ह्यातल्या जिल्ह्यातली फिरती. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पासारखे मोठे जलाशय अशा वेळी उपयोगी पडतात. पाऊस पडला की पुन्हा गावतलाव. त्यामुळे 'या तलावावर बदकं होती, आता नाहीत' असं उन्हाळ्यात पाहून ठरवू नये. जुलैनंतरही आली नाहीत तर मात्र काहीतरी बदललंय.

जागतिक पातळीवर ही जात सध्या धोक्यात धरली जात नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती 'कमी चिंतेच्या' गटात आहे, पण संख्या घटती असल्याची नोंदही तिथेच आहे.

पिल्लू सापडलं तर?

सप्टेंबरच्या आसपास शेतात, रस्त्यावर एखादं एकटं पिल्लू सापडतं आणि ते घरी आणलं जातं. हेतू चांगला असतो, परिणाम बहुतेक वेळा वाईट. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं असं नाही. आई बाकीच्यांना घेऊन पुढे गेलेली असते, किंवा माणूस उभा असल्यामुळेच जवळ येत नसते. कुत्र्यांपासून धोका नसेल तर पिल्लाला उचलून जवळच्याच पाण्याच्या काठच्या गवतात ठेवावं आणि लांब जाऊन बघावं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही. तो समज चुकीचा आहे.

घरी आणलेल्या पिल्लाची आणखी एक अडचण असते. बदकाचं पिल्लू जन्मल्यावर जो हलता जीव पहिल्यांदा समोर येतो त्यालाच आई मानतं. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसकुळातल्या पिल्लांवर याचा प्रसिद्ध अभ्यास केला, प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेलही त्यांना विभागून मिळालं. अगदी लहानपणी माणसामागे फिरलेलं पिल्लू नंतर रानात सोडलं तरी माणसाला घाबरत नाही, आणि तलावावर तेच त्याच्या जिवावर बेतू शकतं. पाव, पोळी, मुरमुरे यांवर ते नीट वाढतही नाही.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानबदक मारणं, पकडणं, पाळणं गुन्हा आहे, आणि घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणंही शिकारीतच मोडतं. जखमी पक्षी असेल किंवा कुणी जाळं लावलेलं दिसलं तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तलावावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, आणि रानबदकं हा विषाणू स्वतः फारशी आजारी न पडताही वाहून नेऊ शकतात.

बघायला कधी जायचं?

शिकायला सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी स्वच्छ, गवत बसलेलं आणि तुलनेसाठी पाहुणी बदकंही शेजारी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात 'पक्षी सप्ताह' असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अली यांचा. चितमपल्लींनी वन खात्यात नोकरी करताना विदर्भातली पक्ष्यांची बोलीतली नावं माणसांकडून गोळा केली आणि 'पक्षिकोश' लिहिला. नेर-दारव्हा भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाला किंवा गुराख्याला तलावावरच्या बदकांची नावं विचारली, तर पुस्तकात नसलेलं एखादं नाव आजही मिळू शकतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून दरवर्षी होणाऱ्या या मोजणीत हौशी माणसांनाही भाग घेता येतो, आणि त्यासाठी तलाव प्रसिद्ध असावा अशी अट नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत जावं, सूर्य पाठीमागे राहील अशी बाजू निवडावी. भडक कपडे नकोत. काठावर उभं न राहता बसावं, दहा मिनिटांत बदकं विसरतात. मग गवताच्या कडेने सरकणाऱ्या बदकाच्या पाठीवर आधी पांढरा पट्टा शोधायचा, आणि ते वळलं की चोचीचं पिवळं टोक.